आठ कॅमेरे आणि एक सायकल

दिवाळीत आम्ही साताऱ्याला गेलो आणि कोथरूडच्या सोसायटीतून मुलाची सायकल गेली. नऊ दिवसांनी परतलो तेव्हा कळलं. सेक्रेटरीकाका निवांत: "आठ कॅमेरे आहेत, काळजी कसली?"

कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्यात, म्हणजे डीव्हीआरमध्ये, मागचे सहाच दिवस! गणित साधं आहे. एका कॅमेऱ्याचे २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) धरले तरी दिवसाला २१ जीबी, आठांचे १७० च्या वर. १ टीबीची (१००० जीबी) डिस्क सहाव्या दिवशी भरते आणि जुन्यावरच नवं लिहू लागते. हे कुणी हिशेबात घेतलंच नव्हतं.

गेटचा कॅमेरा तर पार वर, वाइड अँगलचा. रात्री हेडलाइटच्या झोतात नंबरप्लेट म्हणजे नुसता पांढरा ठिपका. तिथे खाली, अरुंद लेन्सचा वेगळा कॅमेरा हवा. २०१२ साली जंगली महाराज रस्त्यावर स्फोट झाले तेव्हापासून आमचे बाबा प्रत्येक मीटिंगला कॅमेरे मागतात; लेन्सबद्दल मात्र चकार शब्द नाही.

शेवटी वॉचमनमामांनी त्यांची तेलकट वही काढली. पाडव्याच्या पानावर नोंद: "भंगारवाला, ४.१०, सायकल १, बी विंगच्या आजींनी दिली."