शाळा सोडल्याचे कारण

गुरुवार, रात्री

सव्वापाचची गाडी आज पावणेसहाला आली. फाट्यावर उतरले तेव्हा अंधार पडला होता आणि बाबा टॉर्च घेऊन उभे होते. २०१८ साली राळेगावकडे वाघिणीचा दरारा होता, तेव्हापासून फाट्यावर टॉर्च घेऊन येण्याची त्यांना जी सवय लागली ती सुटलेली नाही. वाघीण गेली, आता रानडुकरं आहेत, असं ते म्हणतात. मला वाटतं, त्यांना तेवढाच वेळ माझ्याशी बोलायला मिळतो.

आमचं ज्युनिअर कॉलेज कागदावर पाचला सुटतं, पण खरं म्हणजे तीनलाच ओस पडतं. गावाकडे येणारी गाडी म्हणजे सरकारच्या मानव विकास योजनेची निळी एसटी. बारावीपर्यंतच्या पोरींना ती फुकट, आणि म्हणूनच ती सोडून दुसऱ्या गाडीनं जायचं आमच्या मनातही येत नाही. मधले सव्वादोन तास स्टँडवर काढायचे. अकरावीत मी ते कसे काढले हे लिहायची लाज वाटते. फुटाणे खायचे, मोबाइलवर दुसऱ्यांच्या मेंदीचे फोटो पाहायचे, आणि कोणता पोट्टा कोणाकडे पाहून राह्यला याचा हिशेब ठेवायचा. हा हिशेब मात्र मी चोख ठेवला होता.

अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष, हे आम्हाला शेजारच्या काकूपासून सगळ्यांनीच सांगितलं होतं. दहावीत रगडलं, बारावीत पुन्हा रगडायचंच आहे, मधी एक वर्ष दम घे. वर्ग पण तसाच. ज्यांच्या घरी पैसा त्यांचं नाव इथं आणि पोरं अकोल्याच्या क्लासला. हजेरीला ६० नावं, बाकावर आम्ही पंधरा जण. रिकाम्या वर्गात शिकवायला सरांनाही हुरूप येत नसावा. पण सरांचं पुढं करून स्वतःचं झाकण्यात काय हशील? आम्हीच खिडकीतून गाडी पाहायचो.

मग यंदा जुलैत कळलं की एमएचटी-सीईटीत, म्हणजे बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेत, २० टक्के भार अकरावीचा असतो. फिजिक्सच्या ५० प्रश्नांत १०, केमिस्ट्रीच्या ५० मध्ये १०, बायोलॉजीच्या १०० मध्ये २०. एकूण ४० प्रश्न मी फुटाण्यांबरोबर खाऊन बसले होते. बोर्डाला अकरावी विचारत नाहीत, म्हणून ती कोणीच विचारत नाही असं मी धरून चालले होते.

दुसरी गोष्ट टॅबची. महाज्योती या सरकारी संस्थेकडून आम्हा ओबीसी वगैरे पोरांना सीईटीच्या तयारीसाठी टॅब आणि रोजचा डेटा मिळतो, पण अर्ज दहावीनंतर लगेच करावा लागतो. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीनं केला, मी केला नाही. मला माहीतच नव्हतं. ती म्हणते, "तुले सांगतलं होतं मी." असेल सांगितलं. तेव्हा मी मेंदी पाहत असेन. आता तिच्या एका टॅबवर आम्ही तिघी मान वाकड्या करून बसतो. गावात टॉवर येतो-जातो, स्टँडवर मात्र रेंज फुल्ल. चौकशीच्या खिडकीजवळच्या सिमेंटच्या बाकावर रोज एक धडा अकरावीचा, असा नेम दिवाळीपासून चालू आहे. कंट्रोलर काका विचारतात, "आज कोणता पाठ वं?" त्यांना आता पेशीविभाजनाच्या अवस्था क्रमानं येतात.

घरी काही होत नाही, हे खरंय. नळ तीन दिवसाआड, भाकरी माझ्याकडे, आणि दिवाळीनंतर कापूस. अभ्यासाची जागा म्हणून मला या जगात एक बसस्टँड मिळालं आहे. ते चालवून घेतलं पाहिजे.

शुक्रवार

आज लॅब उघडली.

उघडली म्हणजे आम्ही उघडून मागितली. गेल्या वर्षभर प्रॅक्टिकल म्हणजे जर्नलमध्ये उतरवणं. मागच्या बॅचची जर्नल घ्यायची, आकडे तेच, फक्त नाव बदलायचं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, तिन्हींत बोर्डाचे ३०-३० गुण प्रॅक्टिकलचे असतात आणि ते "मिळतातच", म्हणून कोणाला फिकीर नव्हती. मलाही नव्हती. पण परवा टायट्रेशनचा धडा वाचताना वाटलं, हे ब्युरेट, म्हणजे थेंब मोजून सोडायची काचेची नळी, मी हातात धरलेलं नाही, आणि मार्चनंतर कोण देणार मला ब्युरेट? मी म्हटलं, विचारून पाहू. लॅबचे काका म्हणाले, "आतापर्यंत कोणी मांगतलंच नाही, पोरीहो." चावी त्यांच्या खिशातच होती.

चार जणींत एक ब्युरेट, त्याचा नळ थोडा गळका. स्पिरिट लॅम्पमध्ये स्पिरिट नाही, मग काकांनी त्यांच्या चहाचा गॅस दिला. ऑक्झॅलिक अ‍ॅसिड आधी गरम करावं लागतं, इतकं की फ्लास्कला हात लावला तर सहन झालं नाही पाहिजे. ब्युरेटमध्ये पोटॅशियम परमँगनेट, वांग्याच्या सालीसारखं जांभळं. थेंब पडतो आणि नाहीसा होतो. पुन्हा पडतो, पुन्हा नाहीसा. पहिले दोन-तीन थेंब जायला वेळ लागतो, मग ते भराभर विरायला लागतात. मैत्रीण फ्लास्क गोल फिरवत होती, मी नळावर बोट ठेवून डोळा रेषेला लावून बसले. आणि मग एक थेंब पडला तो गेलाच नाही. सगळं पाणी फिक्कं गुलाबी, तान्ह्या बाळाच्या नखासारखं. आम्ही चौघी एकदम ओरडलो. काका धावत आले, त्यांना वाटलं कोणाचा हात भाजला.

रीडिंग आलं ११.४. जर्नलमध्ये वर्षानुवर्षं १०.२ उतरवलेलं आहे. मी ११.४ लिहिलं. बाकीच्या तिघींनी १०.२ लिहिलं. त्यांचंही बरोबर आहे म्हणा, सर कोणतं मागतील काय सांगता येतं?

शनिवार

जात पडताळणीचे कागद. हे एक प्रकरण वेगळंच आहे, आणि "बारावीत काय करावं" असं सांगणाऱ्या कोणाच्या तोंडी ते नसतं. सगळे सांगतात पहाटे उठ, मोबाइल बंद कर, टाइमटेबल लाव. माझा चुलतभाऊ पहाटे चारला उठायचा. त्याची जागा गेली ती व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र, वेळेत हातात आली नाही म्हणून. मार्क होते त्याला. आज तो चाकणला कंपनीत आहे.

मला कृषीला जायचंय, जमलं तर अकोल्यालाच, पंजाबराव देशमुख विद्यापीठात. २०२४-२५ पासून मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेश प्रक्रियेतून, झाला पाहिजे, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत पाहिजे आणि कागद हातात पाहिजेत. आठ लाख! बाबा हसले. म्हणाले, "त्या बाबतीत आपण पास." कागदांचं मात्र तसं नाही. आम्हा ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा जातीची नोंद असलेला पुरावा लागतो. कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल किंवा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा. सायन्सवाल्यांचा प्रस्ताव कॉलेजमधून जातो, म्हणून तो कॉलेजात असतानाच टाकायचा. एकदा बाहेर पडलं की सेतूवाल्यापासून समितीपर्यंत आपणच.

तर आज सकाळची शाळा होती म्हणून आबाजींच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, शाळेत गेले. माझीही तीच, चौथीपर्यंत. मुख्याध्यापकांनी लोखंडी कपाट उघडलं आणि डांबरगोळ्यांचा वास आला. रजिस्टर एवढं लांबरुंद की टेबलावर मावेना, खाली सतरंजीवर मांडलं. कडा वाळवीनं नक्षी काढल्यासारख्या खाल्लेल्या, शाई तपकिरी झालेली, अक्षर मात्र मोत्यासारखं. सर बोट फिरवत होते, मी वाचत होते. निम्म्या पोरांची जन्मतारीख १ जुलै. आमच्या गावात त्या काळी बायका ठरवून एकाच दिवशी बाळंत होत असाव्यात.

आबाजी सापडले. दाखल १९५९, पहिली. जात लिहिलेली, स्पष्ट. सर म्हणाले, "झालं तुझं काम." झालंच होतं. पण माझी नजर ओळीवरून उजवीकडे घसरत गेली. शाळा सोडल्याची तारीख, ऑगस्ट १९६३. इयत्ता चौथी. शाळा सोडल्याचे कारण: सतत गैरहजर.

वरखाली पाहिलं. "गाव सोडले." "सतत गैरहजर." "४ थी पास." "सतत गैरहजर." पानावर २७ नावं, त्यात पोरी चार. एकीपुढं "वडिलांनी काढून घेतले", तिघींपुढं काहीच नाही, रिकामा रकाना.

उताऱ्याचा अर्ज दिला. सोमवारी सही-शिक्का मिळेल.

रविवार

दिवसभर वेचणी. कापूस यंदा उशिरा फुटला आणि एकदम फुटला. सकाळी दवानं ओला असतो तेव्हा बोंडाची टोकं मऊ लागतात, दहा वाजले की तीच नखाच्या कडेत घुसतात. आठवीत मला मानव विकासची सायकल मिळाली होती, तिच्यावर आता बाबा फवारणीचा पंप बांधून नेतात. आज तिच्यावर कापसाचं गाठोडं आलं. मी मागून ढकलत आले. सरकारी योजनेचा असा पुरेपूर उपयोग कोणी केला नसेल.

आई वेचता वेचता म्हणाली, "परीक्षा जवळ आली, तू उद्यापासून नको येऊ वावरात." मी म्हटलं, शनिवार-रविवार येईन. ती काही बोलली नाही, पण तिनं माझी ओळ स्वतःच्या ओळीत घेतली. दोन्ही ओळी वेचत गेली.

संध्याकाळी आबाजींना उताऱ्याचं सांगितलं. ओसरीवर बाजेवर बसले होते. जातीची नोंद सापडली म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. मग मी म्हटलं, आबाजी, तुमच्या नावापुढं लिवलं आहे, सतत गैरहजर.

"कोण?"

"तुम्ही."

ते उठून बसले. "गैरहजर मी? मास्तर गैरहजर होता! आखा सावन नाल्याले पूर, तो तिकडच्या काठावर अन् आमी इकडच्या. आमी पाटी घेऊन जाऊन बसत होतो वट्ट्यावर. मंग पाऊस उघडला तवा बुढ्यानं गुरामांगं लावलं. तो मास्तर आला अन् त्यानं आमचंच नाव कापलं."

थोडा वेळ गेला. मला वाटलं डोळा लागला.

"वर्ग कोणता लिवला वं?"

"चौथी."

"पाचवीत होतो मी. चौथी पास होऊन पाचवीत बसलो होतो. दोन मह्यने." त्यांनी दोन बोटं वर केली आणि मी पाहिली की नाही हे पाहेपर्यंत तशीच धरून ठेवली. "लिवून घे."

रजिस्टरात तर आता काही बदलत नाही, आणि समितीला त्याचं काम नाही. म्हणून इथं लिहिते. इयत्ता पाचवी, दोन महिने, हजर.