आमची वाटचाल : खडेबाजारातला डान्स फ्लोअर

बेळगावात नाईट क्लब चालणार नाही म्हणणारे पुष्कळ होते. शनिवारी चोर्ला घाट उतरून गोव्याला जाणारी पोरं आम्ही खडेबाजारात थांबवून दाखवली.

इमारत जुनी, चुन्यात बांधलेली, हातभर जाड दगडी भिंती. आमचे पहिले पार्टनर गणपतीच्या मंडपांत साउंड लावून तयार झालेले. त्यांनी जागा बघताच सांगितलं, "ओ, ही भिंत बेसचा घुमणारा आवाज बाहेर सोडणार नाही." सबवूफरखाली टायरचं रबर, मागं ग्लासवूल, पायाखाली सागवानी फळ्या, सगळं त्यांच्या हातचं. आरसीसीत, म्हणजे सळ्या-काँक्रीटच्या इमारतीत, तोच बेस कॉलममधून वर चढतो आणि रात्री दहानंतर शेजारी पोलिसांना फोन लावतात. नवा क्लब काढणाऱ्यांनी लाइटच्या आधी भिंत बघावी.

मधली वर्षं बरी गेली.

28 जानेवारी 2016 ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगाव आलं आणि जुन्या जागांवर बिल्डरांचे डोळे फिरले. आमच्या मालकाच्या वारसांनी इमारत विकायला काढली. तळमजल्यावरच्या बारवाल्यानं नव्या इमारतीत गाळा मिळेल या आशेवर बिल्डरच्या संमतीपत्रावर सही केली. एवढ्यावर थांबला असता तर मी काही बोललो नसतो. पण वरचा फ्लोअर पडणार, असं तो आमच्याच गिऱ्हाइकांना सांगत सुटला. मागोमाग इमारत मोडकळीस आल्याची नोटीस. शनिवार रिकामे जाऊ लागले, पगार थकले, डीजे पुण्याला गेला.

त्या दिवसांत मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदारसाहेब एकही शनिवार चुकले नाहीत. वहिनींना घेऊन यायचे, रिकाम्या फ्लोअरवर नाचायचे आणि जाताना खाली बारवाल्याच्या दारात उभं राहून मोठ्यानं म्हणायचे, "आम्ही दोघं नाचलो, काही पडलं नाही!" आम्ही स्वतःच्या पैशानं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून घेतलं. तुळया भक्कम निघाल्या, फक्त जिन्याला टेकू लागला.

लोक म्हणतात, 1910 मध्ये नव्या उपनगराला जागा हवी म्हणून कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्करांनीही बेळगावातली जागा सोडलीच की. सोडली, पण त्यांना औंधच्या राजांनी जमीन दिली. आम्हाला दाखवतात तो नकाशावरचा गाळा.

भाड्याच्या जागेत धंदा करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. कर्नाटकच्या 1999 च्या भाडे कायद्याचं संरक्षण 14 चौरस मीटरपेक्षा मोठ्या व्यापारी जागेला नाही. महिन्याच्या भाडेकराराला पंधरा दिवसांची नोटीस पुरते. नुसत्या पावत्यांवर विसंबू नका, लीज, म्हणजे भाडेपट्टा, रजिस्टर करून घ्या. आमचं लीज रजिस्टर आहे, म्हणून अजून उभे आहोत. दारूचं लायसन्स जागेला बांधलेलं असतं. नवी जागा शाळा-देवळापासून शंभर मीटरच्या आत निघाली तर गाळा मिळूनही धंदा बंद.

बिल्डरला आमचं लेखी गेलंय: लायसन्स हलवायचा खर्च त्यांचा, फ्लोअरला वेगळा स्लॅब, सागवानी फळ्या आमच्या आम्ही काढून नेणार. उत्तर येईपर्यंत सही नाही.