क्षितिज वाकलं, आणि यादीत माझी लेन्सच नाही

मालवणच्या होमस्टेवाल्या काकांना फोटो दाखवले तर पहिला प्रश्न, "अरे, दर्यो असो वाकडो कित्याक दिसता?" रंग, उजेड, माडांची बाग, कशाबद्दल चकार शब्द नाही. पण बोलले ते खरंच. चिवल्याच्या किनाऱ्यावरच्या वाइड फोटोंत क्षितिज मधोमध फुगलं होतं. लेन्समुळे सरळ रेषा अशी वाकते, त्यालाच डिस्टॉर्शन म्हणतात.

कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट झूम लेन्सचे फोटो चुटकीसरशी झाले. कॅमेऱ्यातलं डिस्टॉर्शन करेक्शन चालू असलं की जेपेग सरळच येते. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) असेल तर फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये लेन्स प्रोफाइलवर, म्हणजे त्या लेन्सच्या वाकण्यावरच्या तयार दुरुस्तीवर, टिक करायची. (सुधारलेल्या जेपेगवर पुन्हा प्रोफाइल लावू नका, रेषा उलटी वाकते.)

घोडं अडलं जुन्या मॅन्युअल वाइड लेन्सपाशी. ती अ‍ॅडॅप्टरवर बसते, कॅमेऱ्याशी काही बोलतच नाही. फाइलमध्ये लेन्सचं नाव नाही, फोकल लेंग्थ (मिलिमीटरचा आकडा) नाही. सॉफ्टवेअर म्हणतं प्रोफाइल सापडलं नाही, आणि एक लांबलचक यादी पुढ्यात टाकतं. कंपनी निवडा, मॉडेल निवडा. ती यादी मी वरून खाली, खालून वर पालथी घातली. वैताग येऊन तेवढ्याच मिलिमीटरची दुसरी लेन्स निवडली, तर क्षितिज मिशीसारखं झालं. आकडा सारखा असला तरी प्रत्येक मॉडेलचं वाकणं निराळं. सांगणारे सांगतात, सरळ कडांच्या इमारतीचा फोटो काढून मोजा. आमच्याकडे चिऱ्याचे गडगे आणि कौलारू घरं! धक्क्यावरून सिंधुदुर्गाची तटबंदी दिसते, पण ती मुळात बांधलीय नागमोडी. तिच्यावरून माप घेऊ नका.

सरळ रेषा शेवटी दर्यानेच दिली. किनाऱ्यावर उभ्या माणसाला दिसणारं क्षितिज जेमतेम 4-5 किलोमीटरवर असतं आणि फोटोपुरतं सरळच असतं. कॅमेरा ट्रायपॉडवर लावून क्षितिज फ्रेमच्या अगदी वरच्या कडेला आणलं. मधोमध ठेवून उपयोग नाही, कारण केंद्रातून जाणारी रेषा डिस्टॉर्शनमध्ये वाकतच नाही. मग ग्रिड लावून मॅन्युअल स्लायडर ओढत राहिलो, रेषा सपाट होईपर्यंत. तो आकडा लेन्सच्या नावाने प्रीसेट करून ठेवलाय. यादी गेली खड्ड्यात! एका स्लायडरला दाद न देणाऱ्या लेन्ससाठी ह्युजिन हे फुकट सॉफ्टवेअर आहे; त्यात फोटोतल्या सरळ रेषांवरून लेन्सच्या वाकण्याचे गुणांक (आकडे) काढता येतात.

फोटो घेतानाच कडेला जागा सोडा, करेक्शनमध्ये काठ कापला जातो. होडीची नाळ कडेला टेकलेली असेल तर गेलीच. आणि आधी डिस्टॉर्शन, मगच क्षितिजाची पातळी.

कोपऱ्यांतला काळोख एफ/8 ला, म्हणजे अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) लहान केल्यावर, बराच कमी होतो. झावळ्यांच्या कडेची रंगीत रेघ फक्त कोपऱ्यांत असेल तर अ‍ॅपर्चर लहान करून जात नाही, ती सॉफ्टवेअरमध्येच काढायची. मधोमध जांभळी झाक असेल तर मात्र अ‍ॅपर्चर लहान करून फरक पडतो. डीफ्रिंज, म्हणजे ही झाक काढणारा स्लायडर, जपून वापरा, होडीचा जांभळा रंगही धुऊन निघतो.

हो, आणि सगळा फोटोच दुधाळ दिसत असेल तर स्लायडर शोधण्याआधी काच बघा. खाऱ्या वाऱ्याचा थर असतो. आधी ब्लोअर मारा, मग लेन्सचं ओलसर कापड. कोरडं घासलं तर मिठाचे कण कोटिंगवर चरे पाडतात, आणि त्याला कुठलंच प्रोफाइल नाही.