उडुपी, धर्मस्थळ, होरनाडू: पंगतीच्या वेळा धरून केलेला प्रवास

कर्नाटकातल्या देवळांची सहल आखताना लोक दर्शनाच्या रांगेचा हिशेब करतात आणि जेवणाचं ‘तिथे बघू’ म्हणून सोडून देतात. आम्ही उलटं केलं. आईची अट एकच होती, शक्यतो हॉटेलात जेवायचं नाही. मग आधी पंगतीच्या वेळा मांडल्या आणि दर्शनं त्यांच्या मधे बसवली. या पट्ट्यात हे जमतं, कारण उडुपी, दक्षिण कन्नड आणि चिकमगळूर या तीन जिल्ह्यांतल्या मोठ्या देवळांत येईल त्याला जेवू घालतात, तेही पैसे न घेता.

मुंबईहून दुपारची मत्स्यगंधा पकडली की दुसऱ्या दिवशी पहाटे उडुपी. स्टेशन इंद्राळीला आहे, तिथून कृष्णमठापर्यंत रिक्षा मिळते. सकाळीच दर्शन उरकून घ्या. कृष्णाचं तोंड पश्चिमेला, आणि बघायचं ते चांदीने मढवलेल्या नऊ झरोक्यांच्या खिडकीतून, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला फार वेळ येत नाही. नंतर जवळच बाहेरच्या बाजूची कनकन किंडी, म्हणजे कनकाची खिडकी, बघा. संत कनकदासांना जातीमुळे आत येऊ दिलं नाही, तेव्हा देवच भिंतीच्या बाजूने वळला आणि भिंतीला भगदाड पडलं, अशी कथा सांगतात.

इथलं जेवण समजून घ्यायचं तर ‘पर्याय’ म्हणजे काय ते माहीत हवं. मध्वाचार्यांनी १३ व्या शतकात कृष्णाची स्थापना करून पूजा आठ मठांकडे सोपवली. आधी प्रत्येक मठाची पाळी दोन महिन्यांची असे. १६ व्या शतकात वादिराजस्वामींनी ती दोन वर्षांची केली. आजही सम वर्षाच्या १८ जानेवारीला पूजेचा अधिकार एका मठाकडून पुढच्या मठाकडे जातो, आणि पूजेबरोबर आल्यागेल्याला जेवू घालायची जबाबदारीही. म्हणून पुढच्या पाळीचा मठ वर्षभर आधीच तयारीला लागतो. बाळे मुहूर्ताला केळी लावतात, कारण पानं लागणार. अक्की मुहूर्त तांदळाचा, कट्टिगे मुहूर्त सरपणाचा, भत्त मुहूर्त साळीचा. सरपणाची तर रथाच्या आकाराची भलीमोठी रास रचतात. स्वामीजींचं पीठारोहण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मिरवणूक येते. इथे त्याची सुरुवात केळीच्या खुंटापासून होते, हे मला फार आवडलं.

दुपारची महापूजा झाली की साडेअकरा-बाराच्या सुमारास पंगत सुरू होते. जमिनीवर मांडी घालून बसायचं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी आत शिरतानाच सांगावं. आईने नुसतं गुडघ्याकडे बोट दाखवलं, तिला लगेच बाकावर बसवलं.

आता मराठी माणसाची खरी गोची. पोळी नाही. भात येतो, त्यावर सारू म्हणजे रसमसारखं पातळ सार येतं, आणि आपण भुकेपोटी पोटभर जेवून मोकळे होतो. ही तर सुरुवात असते. पुन्हा भात येतो, त्यावर हुळी म्हणजे भाज्यांचं दाट सांबार. मग पायस. शेवटी पुन्हा भात आणि ताक. म्हणून पहिला भात मुठीएवढाच घ्या. वाढपी पळत वाढतात, बादली पानावर यायच्या आत बोलावं लागतं. ‘स्वल्प’ म्हणजे थोडं, ‘साकु’ म्हणजे पुरे, एवढ्या दोन शब्दांवर सगळी पंगत निभते. मी ‘बस, बस’ म्हणत होतो, शेजारच्या आजोबांनी हात आडवा धरून ‘साकु’ म्हटलं तेव्हा माझ्या पानावरचा डोंगर थांबला. कांदा-लसूण नसतो. पायस पानावरच वाढलं तर बोटांनी ओढून खायचं, चमच्याची वाट बघू नये. आईला सारू इतकं आवडलं की ताकाच्या भाताला ती पोहोचलीच नाही.

दोन गोष्टी आधी बघून ठेवा. एकादशीला मठात पंगत बसत नाही. स्मार्त आणि भागवत एकादशी वेगवेगळ्या दिवशी आल्या, तर भागवत एकादशी धरून मठात एकदा विचारून घ्या. दुसरं, चातुर्मासात माध्व परंपरेत एकेका महिन्याला एकेक वर्ज्य असतं: आधी भाज्या, मग दही, मग दूध, शेवटी डाळी. त्या दिवसांत नैवेद्याचा स्वयंपाक बदलतो, नेहमीचं ताट मनात धरून जाऊ नका.

एक गोष्ट मात्र खटकते, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. उडुपीत ब्राह्मणांची पंगत वेगळी बसते, हा आक्षेप बरीच वर्षं घेतला गेला आहे आणि त्यावरून आंदोलनंही झाली आहेत. कनकदासांची खिडकी भक्तिभावाने दाखवणाऱ्या गावात हा वाद व्हावा, हे मला तरी पचलं नाही. आम्ही सर्वांसाठीच्या पंगतीत बसलो. तिथलं अन्न आणि वाढणं दोन्ही मनापासूनचं होतं.

धर्मस्थळ उडुपीपासून साधारण १०० किलोमीटर. बस मिळते, पण वयस्कर माणसं बरोबर असतील तर गाडी करा. नेत्रावतीच्या काठचं हे मंजुनाथाचं देऊळ. पुजारी माध्व वैष्णव, देव शंकर आणि देवस्थानाचे धर्माधिकारी हेग्गडे घराण्यातले, म्हणजे जैन. अशी मांडणी मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. अन्नपूर्णा नावाच्या भोजनगृहात जात-धर्म न विचारता सगळे एकत्र बसतात. गर्दी प्रचंड, पण रांग सरकत राहते. शनिवार-रविवार टाळा. दर्शन आणि जेवण या दोन्ही रांगा एकाच दुपारी लावल्या तर म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. आम्ही संध्याकाळी पोहोचून रात्रीची पंगत गाठली आणि दर्शन सकाळवर टाकलं. पुरुषांना आत जाताना शर्ट-बनियन काढावं लागतं. या भागात बहुतेक ठिकाणी हाच नियम आहे, तेव्हा उपरणं किंवा पंचा पिशवीत वरच ठेवा.

होरनाडूला देवीच अन्नपूर्णेश्वरी. कळसा गावाजवळ, सह्याद्रीच्या दाट रानात. धर्मस्थळाहून घाटरस्ता आहे, वळणं इतकी की पोट रिकामं ठेवूनच निघावं. कुद्रेमुख राष्ट्रीय उद्यानातल्या रस्त्यावर रात्री वाहनं सोडत नाहीत, म्हणून सकाळी लवकर सुटा. पावसाळ्यात चारमाडी घाटात दरडी कोसळतात, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी केल्याशिवाय गाडी काढू नका. इथली पंगत उडुपीपेक्षा निवांत. वाढपी दुसऱ्यांदा येतो, थांबतो, पानाकडे बघतो. या प्रवासातलं सगळ्यात चांगलं जेवण मी इथे जेवलो, आणि शक्य असेल तर एक रात्र इथेच मुक्काम करा.

शृंगेरीत शारदांबेचं दर्शन, तुंगा नदीच्या घाटावरचे मासे आणि १४ व्या शतकातलं विद्याशंकर मंदिर, हे सगळं अर्ध्या दिवसात होतं. दुपारी जेवायला वाढतात. बसच्या घाईत असाल तर पहिल्या पंगतीला बसा.

पैशांचं: वाढणाऱ्याच्या हातात नोट कोंबू नका, त्याला अवघडल्यासारखं होतं. अन्नदानासाठी वेगळी खिडकी असते, तिथे जमेल तेवढे द्या आणि पावती घ्या. काही न देता उठलात तरी कुणी विचारत नाही. अन्न भरून न्यायला डबा घेऊन बसणारी मंडळीही दिसली. पंगतीतलं अन्न बसून जेवायचं असतं. घरच्यांसाठी देवळाच्या काउंटरवरून लाडू किंवा पंचकज्जाय घ्या. पंचकज्जायात डाळ, गूळ, खोबरं, तीळ, तूप असतं. ओलं खोबरं आहे का ते विचारा, असेल तर घरी पोहोचेपर्यंत टिकणार नाही.

परतीला शृंगेरीहून आगुंब्याच्या घाटाने उतरून पुन्हा उडुपी गाठता येतं. मोठ्या बस त्या घाटाने जात नाहीत, लहान गाडी लागते. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, जूनच्या पुढे जाणार असाल तर तिकिटावरची वेळ पुन्हा तपासा.