दोन पाटील आणि एक पार्सल

दिंडोरीच्या एका पॅकहाउसमध्ये द्राक्षांचे घड कॅमेऱ्यानं तपासणारं आमचं सॉफ्टवेअर बसवलं तेव्हा फेब्रुवारी होता, ऐन हंगाम. अंबडच्या ऑफिसात महिनाभर बिनतक्रार चाललेला प्रोग्रॅम तिथं कधी विसाव्या मिनिटाला, कधी तासाभरानं पडायचा. "साहेब, परत बंद पडलं," असा फोन, आणि मागं क्रेट सरकवल्याचे आवाज.

आधी रॅमवर संशय घेतला, मग लाइटवर. रॅम बदलली, यूपीएस लावला, दोन दिवस वाया. शेवटी कोअर डंप (प्रोग्रॅम पडताना साठवलेली त्याच्या मेमरीची प्रत) आणून जीडीबी या चुका शोधायच्या साधनात उघडला आणि चक्रावलो. आमच्या कोडनं आमच्याच जेसन (डेटा मजकुराच्या रूपात मांडायची पद्धत) लायब्ररीतलं फंक्शन बोलावलं होतं, पण धावत होतं ते कॅमेरेवाल्यांच्या शेअर्ड लायब्ररीतलं (प्रोग्रॅम चालताना जोडली जाणारी वेगळी फाइल). त्या फाइलवर एनएम, म्हणजे फाइलीतल्या नावांची यादी देणारं साधन, चालवलं. त्यांनी त्याच जेसन लायब्ररीची जुनी आवृत्ती पोटात घातली होती आणि वर तिची सगळी सिम्बॉल्स (फंक्शनं वगैरेंची नावं) उघडी टाकली होती. ऑफिसात आम्ही साठवलेल्या फोटोंवर, कॅमेऱ्याविना केलेलं बिल्ड तपासत होतो. पडणार कसं!

सिम्बॉलला आवृत्तीचं लेबल नसेल तर लिनक्सचा लोडर (प्रोग्रॅमला लायब्रऱ्या जोडून देणारा) नुसतं नाव बघतो. क्रमात जे आधी सापडेल ते सगळ्यांना. आमच्या मजल्यावर पाटील दोन आहेत. 'पाटील' एवढंच लिहिलेलं पार्सल आलं की दाराजवळ बसणारे पाटीलच ते फोडतात. तसंच.

नव्या आवृत्तीत व्हॅल्यू क्लासमध्ये एक पॉइंटर (मेमरीतला पत्ता) वाढला होता. जुना कन्स्ट्रक्टर (व्हॅल्यू तयार करणारा कोड) त्याला हातच लावायचा नाही, आणि लायब्ररीच्या हेडर फाइलमधून आमच्या कोडमध्ये उतरलेला नवा डिस्ट्रक्टर (व्हॅल्यू मोडीत काढणारा) तिथला कचरा खरा पत्ता समजून ती मेमरी सोडायला जायचा. तिथं योगायोगानं शून्य असलं की निभावलं, नसलं की धडाम.

लिंक करताना आमची लायब्ररी आधी लावून पाहिली. आमचं चाललं, कॅमेरा पडला!

मग इनलाइन नेमस्पेस, म्हणजे नावांना घातलेलं असं आडनाव, जे कोडमध्ये लिहावं लागत नाही पण बायनरीत उमटतं. सी प्लस प्लस ११ पासून ही सोय आहे. २०१५ च्या जीसीसी ५ या कंपायलरनं नवी स्ट्रिंग याच वाटेनं आणली. आमच्या प्रतीतला सगळा कोड 'व्ही३' नावाच्या इनलाइन नेमस्पेसमध्ये गुंडाळला. वापरणारा अजूनही 'जेसन::व्हॅल्यू'च लिहितो, पण बायनरीत नाव पडतं 'जेसन::व्ही३::व्हॅल्यू'. टक्कर संपली.

म्हणजे, संपायला हवी होती. आमच्या हेडरांत जागोजागी कुणीतरी (मीच) टायपिंग वाचवायला 'जेसन'मध्ये नुसतं 'क्लास व्हॅल्यू' असं फॉरवर्ड डिक्लेरेशन (तपशील न देता नुसतं नाव जाहीर करणं) केलेलं. कंपायलरला दोन व्हॅल्यू दिसू लागल्या आणि संदिग्ध नावाच्या एररांचा पाऊस पडला. ती सगळी काढून लायब्ररीचं एकच फॉरवर्ड हेडर केलं. शिवाय दोन फंक्शनं 'एक्स्टर्न सी', म्हणजे सी भाषेच्या पद्धतीनं नाव ठेवलेली, होती. तसली नावं नेमस्पेसमध्ये टाकली तरी बायनरीत जशीच्या तशी राहतात, म्हणून ती हातानं बदलली.

दिंडोरीत एलडी डीबगचा बाइंडिंगचा पर्याय (लोडर कोणती हाक कुठं जोडतो ते दाखवणारा) लावून पाहिलं, आमची प्रत्येक हाक आमच्याच फाइलला जात होती. कॅमेरेवाल्यांना मेल केला की सिम्बॉल्स लपवून बिल्ड करा. उत्तर आलं, पुढच्या रिलीजमध्ये बघू. तोवर बिल्डच्या शेवटी दोन्ही फाइलींची एनएम यादी ताडून बघणारी स्क्रिप्ट लावली आहे. एक जरी नाव सारखं सापडलं तरी बिल्ड तिथंच थांबतं.