व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स फोनवर: रीपर अजून उभाच

व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स या खेळात ३० मिनिटं टिकलं की रीपर नावाचा मृत्यूदूत येतो; त्यालाच मारायचा प्रयत्न चालू आहे. रीपर पुन्हा वाचला. ३०:०० ला मैदान साफ झालं, तो आला, आणि क्रिमझन श्राउड (लॉरेल या शस्त्राचं वरचं रूप) तयार असूनही इन्फिनिट कॉरिडॉर (क्लॉक लॅन्सेटचं वरचं रूप) हातात नव्हता. त्याला लागणारी गोल्ड रिंग लेव्हल ७ वर अडकली होती, हवी होती ९. मागच्या नोंदीत याचा दोष लेव्हल-अपला समोर येणाऱ्या पर्यायांवर टाकला होता. तो चुकीचा होता. कागदावर हिशेब मांडला तर ते बिल्ड (शस्त्रं आणि वस्तूंची मांडणी) अर्ध्या तासात बसणं मुळातच अवघड आहे.

क्लॉक लॅन्सेट आणि लॉरेल प्रत्येकी ७ लेव्हलची, म्हणजे १४ निवडी. दोन रिंग आणि दोन मेटाग्लिओ (या वरच्या रूपांना लागणाऱ्या वस्तू) जमिनीवरून उचलले की पहिली लेव्हल फुकट मिळते, पुढच्या आठ-आठ मिळून ३२. बाकीची चार शस्त्रं ८ लेव्हलची, त्यातलं एक सुरुवातीपासून हातात, म्हणून ३१. त्यावर सहा साधी पॅसिव्ह (स्वतः न मारता गुण वाढवणाऱ्या वस्तू) पाच-पाचची धरली तर ३०. बेरीज १०७. पेट्यांतून काही लेव्हल मिळतात, पण त्या नेमक्या हव्या त्या वस्तूला मिळतीलच असं नाही.

सहा पॅसिव्ह आधी भरायची सवय पडली ती एका चांगल्या युक्तीमुळे: स्लॉट भरलेले असले तरी नकाशावरची वस्तू उचलता येते, म्हणून पॅसिव्ह दहा होतात. साध्या बिल्डला ही युक्ती अजूनही उत्तमच. इथे मात्र ती गळ्याशी येते. स्पिनॅच लेव्हल १ ला असला तरी फायर वाँड इव्होल्व्ह होतो, म्हणजे वरच्या रूपात बदलतो. रिंग आणि मेटाग्लिओ या चार वस्तूंना मात्र टोकापर्यंत न्यावंच लागतं, आणि प्रत्येक जास्तीचं पॅसिव्ह त्यांच्या जागेवर पर्याय म्हणून येऊन बसतं.

म्हणून आता फक्त दोन पॅसिव्ह: क्राउन (एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणाऱ्या अनुभवगुणांसाठी) आणि ॲट्रॅक्टॉर्ब. उरलेले चार स्लॉट रिकामे ठेवून थेट नकाशावरच्या चार वस्तूंनी भरायचे. बेरीज ८७ वर येते. ॲट्रॅक्टॉर्ब घ्यायचाच आहे तर मुख्य मारा सांता वॉटरचा, कारण त्या जोडीतून ला बोरा होतं. क्लेरिची ते घेऊनच सुरू करते, तेव्हा पात्र तीच. सोबत पीचोन आणि एबनी विंग्ज, कारण त्या दोघांतून होणाऱ्या वँडालियरला पॅसिव्ह लागत नाही.

हे मांडतानाच एक खाच दिसली. वँडालियर झालं की दोन शस्त्रांचं एक होतं, स्लॉट मोकळा होतो आणि नवी शस्त्रं पुन्हा पर्यायांत घुसतात. लॅन्सेट अर्धवट असताना हे नकोच. तेव्हा एबनी विंग्ज ७ वर थांबवायचं, शेवटची लेव्हल कॉरिडॉर झाल्यावर. बॅनिशही (नको ते पर्याय काढून टाकण्याची सोय) आता सुरुवातीला उधळायचे नाहीत, याच टप्प्यासाठी राखायचे.

पेट्यांचंही शिस्तीत करायला हवं. इव्होल्यूशन १०:०० नंतरच्या बॉसच्या पेटीतून मिळतं आणि ते ठरतं पेटी उघडताना. वस्तू तयार नसतील तर पेटी तशीच पडू द्यायची, जागा लक्षात ठेवायची.

दुसरी अडचण फोनची. गोल्ड रिंग आणि मेटाग्लिओ राइट दर लेव्हलला कर्स ५ टक्क्यांनी वाढवतात. दोन्ही ९ वर गेले की ९० टक्के. शत्रूंची संख्या, वेग, जीव सगळंच वाढतं. एक्सपी भरपूर मिळतो, पण स्वस्त फोन तापून अडखळायला लागतो आणि नेमकं तेव्हाच वळायचं असतं. डॅमेज नंबर आणि चमकणारे इफेक्ट बंद केल्यावर फरक लगेच जाणवला. या आठवड्यातलं सगळ्यात सुखाचं यश तेच. विखुरलेल्या एक्सपीच्या रत्नांची मात्र काळजी नको: जमिनीवर ४०० झाली की पुढचा एक्सपी एकाच लाल रत्नात साठत जातो, तेवढं गाठलं तरी पुरतं.

फोन आडवा धरा. उभ्या स्क्रीनवर डावी-उजवीकडून येणारी झुंड फार उशिरा दिसते. स्क्रीनगार्ड मॅटच घ्या. चकचकीत काचेवर घामाचा अंगठा अडतो.

रीपरचा जीव म्हणजे ६,५५,३५० गुणिले आपली लेव्हल. लेव्हल १०० ला साडेसहा कोटींच्या वर. साध्या माऱ्याने ते संपणं कठीण, पण कॉरिडॉर दर वेळी उरलेला जीव अर्धा करतो: दहा वेळा अर्धा झाला की ६४ हजारांच्या आसपास येतो. श्राउड तोवर त्याचा प्रत्येक घाव १० वर रोखून धरतं. म्हणूनच दोन्ही हवेत.

या खेळाला पैसे पडतात का, असं काहीजण विचारत होतात. फोनवर मूळ खेळ फुकट आहे, जाहिरात फक्त पुन्हा जिवंत व्हायला किंवा जास्त सोनं घ्यायला, तीही आपण मागितली तर. डीएलसीला (खेळाच्या जादा भागांना) पैसे पडतात, पण रीपर मारायला एकही लागत नाही. मिळालेलं सोनं आधी ग्रोथ (जास्त एक्सपी), रीरोल (पर्याय बदलून घेणं) आणि बॅनिश या पॉवरअपवर घाला. पॉवरअपचे पैसे पूर्ण परत मिळतात, तेव्हा जुनी मांडणी मोडायला बिचकू नका.

पुढचा रन मॅड फॉरेस्ट या नकाशावर, क्लेरिचीने. चारही वस्तू १०:०० च्या आत उचलायच्या. तोवर तिसरं पॅसिव्ह समोर आलं तरी घ्यायचं नाही.