तुम्ही विचारलंत म्हणून: ‘उद्या भारताशी युद्ध झालं तर?’

प्रश्न एकच असतो. कुणी थेट विचारतं, ‘उद्या भारताशी युद्ध झालं तर तू कुणाकडून?’ कुणी आधी हवापाण्याचं बोलून घेतं. 2024 पासून एक नवी तऱ्हा निघाली आहे: ‘रशियात आपल्या मुलांना फसवून आघाडीवर नेलं, तुझंही तसंच झालं का?’ नाही. मला कुणी फसवलं नाही. सगळे कागद वाचून मी अमेरिकेच्या लष्करात भरती झालो, आणि मला वाटतं, तुम्हाला खुपतं ते नेमकं हेच.

‘मावनी’ ही योजना तिथे 2009 मध्ये सुरू झाली. ग्रीन कार्ड नाही, पण कायदेशीर व्हिसा आहे, अशा परदेशी लोकांना भरती करायचं. डॉक्टर-परिचारिका असाल तर ठीक, नाहीतर लष्कराला हवी असलेली एखादी भाषा यायला हवी. यादीत हिंदी होती. 2013 मध्ये माझं मास्टर्स झालं होतं, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत नंबर लागला नव्हता, आणि भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग माणूस म्हातारा होईल एवढी लांब. इथे ती पायरीच गाळून थेट नागरिकत्व मिळत होतं, तेही फोर्ट जॅक्सनमधलं दहा आठवड्यांचं प्राथमिक प्रशिक्षण संपता संपता. पाच वर्षं सन्मानाने नोकरी झाली नाही तर ते काढून घेण्याची सोयही कायद्यात होती. म्हणजे सौदा. हो, सौदाच म्हणा, मला राग नाही.

गंमत अशी की हिंदीवर भरती झालो आणि लष्कराने माझ्याकडून हिंदीचा एक शब्द कधी मागितला नाही. भरती होताना परदेशी, म्हणून गोपनीय कामांची दारं बंद. मेकॅनिकलची पदवी घेऊन मी कोठारात ट्रकचे सुटे भाग मोजायचो. माझ्यानंतरच्या पोरांना तेवढंही मिळालं नाही. 2016 मध्ये चौकशीचे नियम कडक झाले, योजना थांबली, आणि करारावर सही केलेले कितीतरी जण प्रशिक्षणाची वाट बघत बसले. त्यात काहींचे व्हिसा संपले. त्यातला एक अजून मला फोन करतो. त्याला काय सांगायचं ते मला कळत नाही, म्हणून मी त्याच्या आईची तब्येत विचारतो.

‘आपल्या सैन्यात का नाही गेलास?’ हा तुमचा दुसरा प्रश्न. आबा, म्हणजे माझे वडील, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. हवालदाराच्या पोराने बूट पॉलिश करायचे नाहीत, इंजिनीअर व्हायचं, हा त्यांचाच हुकूम. भरती झाल्याचं सांगितलं तेव्हा ते फोनवर थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘पगार वेळेवर आहे का?’ त्यानंतर कित्येक वर्षं तो विषय आमच्यात निघाला नाही.

पूर्वी मी तुमच्याशी वाद घालायचो. म्हणायचो, गोरख्यांना विचारता का हे? 1947 च्या त्रिपक्षीय करारानंतर सहा गोरखा रेजिमेंट भारताकडे आल्या, चार ब्रिटनकडे गेल्या. नेपाळचा नागरिक आपल्या सीमेवर लढतो, आपली पेन्शन घेतो, कारगिलमध्ये मरतो, आणि आपण त्याला भाडोत्री म्हणत नाही. अग्निपथ आल्यावर 2022 मध्ये नेपाळने भरती थांबवली तर आपल्यालाच हळहळ वाटली. साताऱ्याकडच्या किती गावांत पहिल्या महायुद्धाला गेलेल्यांची संगमरवरी पाटी आहे! ते कुणाच्या राजासाठी लढले होते?

वाद बिनतोड वाटायचा. आता त्यातली भोकं मलाच दिसतात. पाटीवरचे लोक त्या राजाची प्रजा होते, त्यांना देश निवडायची मुभा नव्हती. मला होती. आणि गोरख्याला नेपाळचं नागरिकत्व सोडावं लागत नाही. मला मात्र आधीच्या देशाची निष्ठा पूर्णपणे सोडत असल्याची शपथ मोठ्याने, उजवा हात वर करून घ्यावी लागली. भारताचं नागरिकत्व त्याच दिवशी कायद्याने संपलं.

त्याचा अर्थ मला एका फॉर्मवर कळला. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय येता यावं म्हणून ओसीआय कार्ड असतं; सॉफ्टवेअरमधल्या मित्रांना ते मिळतं, माझ्या बायकोलाही मिळालं. परदेशी सैन्यात असलेल्याला किंवा तिथून निवृत्त झालेल्याला ते मिळत नाही, मग तो कोठारात नट-बोल्ट मोजणारा का असेना. मला व्हिसा लागतो. एकदा आबा फोनवर स्वतःहून म्हणाले, ‘तुझ्या त्या नोकरीचं बोलायचंय. फोनवर नको. ये, मग बोलू.’ मी सुट्टी जुळवत होतो. तेवढ्यात दादाचा फोन आला, आबांना अर्धांगाचा झटका आला.

रात्री फॉर्म भरायला बसलो. वडिलांचं नाव. वडिलांचं राष्ट्रीयत्व: भारतीय. जन्मठिकाण: जिल्हा सातारा. पुढे प्रश्न: तुम्ही लष्करात, निमलष्करी दलात, पोलिसात आहात किंवा होतात का? संघटना, हुद्दा, नेमणुकीचं ठिकाण. सगळं खरं लिहिलं. अर्ज अडकला. का, ते कुणी सांगितलं नाही. वर्दीमुळेच, असं मी धरून चाललोय, तसं नसेलही. रोज वेबसाइट उघडायची, तेच वाक्य वाचायचं. बायको ओसीआयवर पुढे गेली. माझ्या बापाला चमच्याने पेज भरवणारी ती, आणि मी इथे कुणाकुणाला ईमेल लिहीत बसलेला. सरकारचा राग आला, पण तो टिकेना. परक्या देशाचा सैनिक आत घेताना दोनदा बघावं, हे मला लष्करानेच शिकवलं होतं.

पोचलो तेव्हा आबा घरी आले होते. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. एकच शब्द उरला होता, ‘हां’. पाणी हवंय? हां. नको? हां. दुपारी खोलीत कुणी नाही बघून मी विचारलं, ‘आबा, रागावलात का माझ्यावर?’ म्हणाले, ‘हां.’ मी म्हटलं, ‘नाही ना रागावलात?’ म्हणाले, ‘हां.’ मला हसू आलं, त्यांनाही आलं असावं, अर्धा चेहरा हलला. ते काय बोलणार होते, हे दादालाही माहीत नाही. शाबासकी असेल, शिवी असेल, पेन्शनच्या कागदांचं काही असेल.

तर, युद्ध झालं तर? माझी नोकरी 2018 मध्ये संपली, राखीव यादीतली मुदत 2021 मध्ये. मला कुणी बोलावणार नाही. हे उत्तर नव्हे, ठाऊक आहे. दादा म्हणतो, ‘भारतावर गोळी झाडणार नाही, एवढं सांगून मोकळा हो ना.’ तसं सांगितलं तर घेतलेली शपथ खोटी. उलटं सांगितलं तर आबांसमोर बसायला तोंड नाही. शपथ मी तोंडदेखली घेतली नव्हती, आणि आबाही तोंडदेखले नाहीत.

व्हिसा आता पुन्हा काढायचाय. दादाचा नवा सल्ला असा की त्या रकान्यात ‘नाही’ लिही, सोडलीस ना ती नोकरी? पण प्रश्न ‘आहात किंवा होतात’ असा आहे. मी ‘होय’च लिहिणार.